उत्तरेची भिंत

औंधच्या पुढं, माण तालुक्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगतच्या माळावर काळ्या दगडाचं एक जुनं चर्च होतं. गावातले लोक त्याला देऊळच म्हणायचे. स्वानंदी वाईहून तिथं गेली ती छत धड आहे का ते पाहायला. जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे काढायचे, हेच तिचं काम. किल्ली सांभाळणारे भाऊसो दारातच भेटले. रविवारी त्यांच्या नातीचं, सृष्टीचं, लग्न होतं.

“आमच्या चार पिढ्यांची लग्नं हितंच लागली, बाई. तेवढं व्हय म्हणा,” ते म्हणाले.

भर दुपार होती, पण आत गारवा होता. वटवाघळांचा, जुन्या चुन्याचा आणि विझलेल्या मेणबत्त्यांचा वास एकात एक मिसळलेला. दोन्ही बाजूंनी टोकदार कमानी वर चढत गेलेल्या, त्यांवर छताचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या, आणि कैच्यांवर मंगलोरी कौलं. एका खिडकीत निळी काच शिल्लक होती. तिचा उजेड फरशीवर पाण्यासारखा हलत होता. त्या उजेडात उभं राहिलं की बोलावंसंच वाटेना.

“भाऊसो, टेपचं टोक वेदीपाशी धरता?” मागं न बघताच तिनं विचारलं.

टोक कुणीतरी उचललं. टेप उलगडत ती दारापर्यंत आली.

“अठ्ठावन्न फूट.”

“व्हय...” वेदीकडून हळू आवाज आला.

मग रुंदी झाली, कमानींची उंची झाली. टोक नेमकं हवं तिथं धरलं जात होतं, तिनं सांगायच्या आधीच. अंधारात तिला फक्त हात दिसायचा, मनगटापर्यंत पांढरा. चुना लागला असेल, असं तिला वाटलं. जागेपणी झोप लागावी तशी ती मापं लिहीत राहिली.

टेपला हलकासा हिसका बसला, उत्तरेच्या भिंतीकडं. परत बसला. ती त्यामागं चालत गेली.

“हितं बगा...”

तिनं भिंतीवर बोटानं वाजवलं. गिलाव्याच्या आत पोकळ वाजलं. वर पाहिलं, तर बरोबर त्याच जागी कैचीचा पाय टेकला होता. टॉर्च मारली. लाकूड भुग्यासारखं झालेलं.

“बाई, पानी आणलंय,” भाऊसो म्हणाले. ते दारात उभे होते, हातात तांब्या, घामानं भिजलेले. “हिरीवर गेल्तो. लय उशीर झाला.”

टेप अजून ताणलेली होती, तिच्या हातापासून वेदीजवळच्या अंधारापर्यंत.

स्वानंदीनं टेपची डबी घट्ट धरली. मग टेप सैल पडली आणि तिचं टोक फरशीवर सरपटत, सावकाश, तिच्या पायाशी आलं.

“भाऊसो,” ती कशीबशी म्हणाली, “लग्न आत नको...”

भाऊसोंनी तिच्याकडं पाहिलं, मग वेदीकडं. तांब्या खाली ठेवून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“आवं, सृष्टी रडंल,” एवढंच ते म्हणाले.

सृष्टी रडली. पावण्यांत कुजबूज झाली, शहरातली बाई येऊन काहीबाही सांगते म्हणून. तरी रविवारी सकाळी मांडव बाहेर, कडुलिंबाखाली उभा राहिला. आपण सांगितलेलं खोटं ठरलं तर काय, या धास्तीनं स्वानंदीही आली होती.

पाळकांनी नवरानवरीचे हात एकमेकांत दिले, आणि तेवढ्यात बंद देवळातून बाक सरकल्याचा आवाज आला. एक नाही, सगळे. प्रार्थनेला सगळी माणसं एकदम उठावीत तसा. दीडशे माणसांनी तो ऐकला. पाठोपाठ उत्तरेची भिंत बसली आणि कैच्या, कौलं, सगळं आत कोसळलं.

धूळ निवळायला तास गेला. भाऊसोंनी कुलूप काढलं. स्वानंदी त्यांच्या मागून आत गेली.

एकेक बाक हलवायला चार गडी लागायचे. ते सगळे दक्षिणेच्या भिंतीला ओळीनं लागले होते. एकालाही ओरखडा नव्हता. सगळ्यांवर बोटभर पांढरी धूळ बसली होती. फक्त प्रत्येक बाकावर चार-पाच जागा स्वच्छ होत्या. धूळ पडत असताना तिथं माणसं बसलेली असावीत तशा.

शेवटच्या बाकावर मात्र एकच जागा होती. लहान मुलाची.