साकवाआधीचं शेवटचं घर

"कहाणी वाचून झाली की ओठ मिटायचे, प्रभावती. सकाळी कलशाचं पाणी तुळशीला घालीपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. घराक आग लागली तरी नाही!"

सरस्वतीबाई हे सुनेला सांगून गेल्या, त्याला वीस वर्षं झाली. त्या गेल्या, पण त्यांचा आवाज त्या घरातून गेला नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते कुणाला पटावं असा आग्रह नाही. पण ते घडलेलं आहे. पेडणे तालुक्यात, मांद्रे गावात, गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात. प्रभावतीकाकू आमच्या नात्यातल्या. माहेर आमोण्याचं. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि जे सांगितलं ते त्यांनी देवासमोर बसून सांगितलं.

काकूंचा मुलगा परेश दोन वर्षांचा असताना तापाने फणफणला होता. डॉक्टरांनीही मान खाली घातली. तेव्हा सासूने लक्ष्मीला नवस केला... पोराला राख, आमच्या घरातली बाई मार्गशीर्षातल्या गुरुवारची रात्र मुकी ठेवील.

परेश वाचला.

एकदाच, तो सहा वर्षांचा असताना, अशाच गुरुवारी रात्री परसातल्या वालीच्या वेलांत गाय शिरली आणि काकूंच्या तोंडून "हैक!" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी पोरगा काजूच्या झाडावरून पडला. हात मोडला.

त्यानंतर गुरुवारच्या रात्री काकूंनी कधी ओठ उघडले नाहीत. आता परेश मालवाहू जहाजावर आहे. खाली पाणी, वर आभाळ. त्यामुळे भीती जास्तच.

काकूंचे यजमान महादेवकाका मात्र थट्टा करायचे. "लग्नाक तीस वर्षां झाली. भांडणात मी जिंकतंय तो फक्त गुरुवारी!"

काकूंचं घर खाडीच्या काठावरचं शेवटचं. घरापासून शंभर पावलांवर साकव आहे, लाकडी फळ्यांचा, माणूस जाईल एवढा. पलीकडे वाळूत पर्यटकांना भाड्याने देतात त्या झोपड्या. अलीकडे मोठा रस्ता, आणि त्या रस्त्यावर रात्र रात्र चालणारी नाचगाण्याची ठिकाणं. रस्त्याने वळसा घालून पुलावरून गेलं तर झोपड्या अर्ध्या तासावर. साकवावरून पाच मिनिटं.

मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात साकवाच्या मधल्या फळ्या काढल्या होत्या. कुजल्या होत्या म्हणून. महादेवकाका आणि वाड्यावरच्या चौघांनी मिळून काढल्या, आणि साकवाच्या तोंडाशी माडाचं चुडत आडवं टाकलं.

वाटेवर आडवी झावळ म्हणजे वाट बंद. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. पाटी लावायची कुणाला आठवणच झाली नाही.

पहिला गुरुवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. समईत तेल घालून काकू बाहेर सोप्यावर बसल्या होत्या.

फाटक वाजलं.

एक मुलगी उभी होती. पंचविशीची असेल. चपला हातात. पाय वाळूने भरलेले.

"काकू, पलीकडच्या झोपड्यांकडे इकडून जाता येतं ना?"

मराठी ऐकून काकूंना बरं वाटलं.

"मैत्रिणी अजून नाचतायत. माझं डोकं दुखायला लागलं, म्हटलं जाऊन झोपावं. तर रस्त्यावर दोन बाइकवाले मागंच लागले. तुमच्याकडं दिवा दिसला, म्हणून वळले." तिने मोबाइल पुढे केला. "हा तर इकडूनच रस्ता दाखवतोय. चार टक्के राहिलेत बघा, आता जाईल."

काकूंनी दोन्ही हात हलवले. नाही, नाही.

मुलगी क्षणभर बघत राहिली. मग तिचा चेहरा मऊ झाला.

"बोलता येत नाही का तुम्हाला? सॉरी हं, काकू."

काकूंनी तिला हातानेच थांबायला सांगितलं आणि धावत आत गेल्या. महादेवकाकांना गदागदा हलवलं. दाराकडे बोट दाखवलं.

"गुरुवार ना गे आज?" काका झोपेत पुटपुटले. "मग सकाळी सांग." आणि कूस बदलली.

काकू परत बाहेर आल्या.

फाटकाशी कुणी नव्हतं.

रस्त्याकडून बाइकचा आवाज येत होता. त्याला भिऊन मुलगी निघाली होती... साकवाच्या दिशेने. दहा-बारा पावलंच गेली होती.

एक हाक पुरली असती.

काकूंनी तोंड उघडलंसुद्धा. आणि डोळ्यांपुढे परेश आला. काळं पाणी, उंच जहाज, कठड्याशी उभं राहिलेलं आपलं लेकरू.

त्यांनी हाक मारली नाही. टाळ्या वाजवल्या. जोरजोरात.

मुलगी वळली. तिला वाटलं, मुकी बाई निरोप देते आहे. तिनेही हात हलवला. हसली. आणि झावळ ओलांडून अंधारात गेली.

काकू बॅटरी घेऊन धावल्या. साकवाशी पोचल्या तेव्हा तिथे काहीच नव्हतं. भरती होती. गाण्याचा धमधम आवाज एवढा होता की पाण्याचाही आवाज येत नव्हता.

पलीकडे एका झोपडीत दिवा लागला.

पोचली वाटतं... कडेच्या वाशावरून गेली असेल. तरणी पोरं ती.

असं मनाला सांगून काकू परत फिरल्या.

सकाळी पोदेर पावाच्या टोपलीसकट दारात आला, पण भोंगा वाजवला नाही त्याने. सायकल टेकवून हळूच म्हणाला, "बाय, साकवाकडे पोलीस आयल्यात. एक चली गावली, बुडलेली पोर."

काकूंच्या हातातला कलश तसाच राहिला.

लोक बोलायचं ते बोलले. दारू प्यायली असणार. एकटी कशाला फिरते. महादेवकाका तर चारचौघांत आवाज चढवून म्हणाले, "चुडत घातलेला ना आम्ही? आणखी काय करूचा?" पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिच्या तोंडाला वास नव्हता, हे फक्त काकूंना माहीत होतं.

त्या कुणालाही काही बोलल्या नाहीत.

दुसरा गुरुवार आला.

कहाणी वाचून झाली. ओठ मिटले. काका झोपले. काकू मात्र आज दार लावून आत देवापुढे बसल्या.

साडेअकराच्या सुमाराला अंगणातला कुत्रा उठला. येईल त्या पर्यटकावर भुंकणारा कुत्रा तो. भुंकला नाही. शेपूट घालून सोप्यावरच्या लाकडी माच्याखाली जाऊन बसला.

मग रस्त्यावरचं गाणं ऐकू येईनासं झालं. बंद झालं नव्हतं. खिडकीतून तिथले निळे-लाल दिवे दिसत होते, हलत होते. फक्त आवाज येत नव्हता...

आणि चिऱ्याच्या पायरीवर पाऊल पडलं.

अनवाणी. ओलं.

एक... मग दुसरं...

"काकू..."

दाराला लागून आवाज आला. रागाचा नाही. भयाण नाही. वाट चुकलेल्या लेकराचा असतो तसा.

"काकू, पलीकडे इकडून जाता येतं ना?"

काकूंनी पदर तोंडात कोंबला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण आवाज बाहेर येऊ दिला नाही.



मग पावलं पायरी उतरली आणि साकवाकडे गेली.

सकाळी पायरीवर पायांचे ठसे होते. ऊन चढलं तरी वाळले नाहीत. दुपारी वाळले, तेव्हा कडेने मिठाची पांढरी रेघ उमटली होती. काकांनी पाहिली. त्यावर बादलीभर पाणी ओतलं.

पुढच्या बुधवारी दुपारी एक बाई दारात आल्या. साधी साडी, खांद्याला पिशवी.

"मी रुक्मिणी. इचलकरंजीहून आले. प्राजक्ताची आई."

तेव्हा काकूंना त्या मुलीचं नाव कळलं.

त्यांनी पाणी आणलं. रुक्मिणीबाई सोप्यावर बसल्या, साकवाकडे बघत. तिथे आता नव्या फळ्या होत्या, आणि पाटीही.

"हे शेवटचं घर ना? म्हणून आले. कुणी पाहिलं का तिला? काही बोलली का ती?"

काकू उभ्याच होत्या.

"सगळे म्हणतात, बेफिकीर होती. नव्हती हो! विचारल्याशिवाय एक पाऊल टाकायची नाही. मीच तिला शिकवलेलं... परक्या गावात रात्री वाट चुकली, तर दिवा असेल त्या घरी जा. घरातल्या बाईला विचार. बाई बरोबर सांगते." त्यांनी डोळे पुसले. "मग त्या रात्री तिनं कुणाला विचारलं कसं नाही, एवढंच मला कळत नाही. माझंच शिकवणं कमी पडलं म्हणायचं."

तो बुधवार होता. काकूंना कुठलंही व्रत आड येत नव्हतं.

तरी त्या बोलल्या नाहीत.

रुक्मिणीबाईंनी पिशवीतून कागद काढला, पत्ता लिहिला. "कधी कुणाला काही आठवलं तर कळवाल?"

"सांगेन," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "वचन देते."

तिसरा गुरुवार.

दिवसभर काकू परेशला फोन लावत होत्या. लागत नव्हता. जहाज कुठल्या तरी समुद्रात, रेंज नाही. तशी आठ-आठ दिवस नसायचीच. पण आजच का...

संध्याकाळी पूजा झाली. कहाणी झाली.

ओठ मिटून काकू सोप्यावर येऊन बसल्या. दार उघडं ठेवलं.

कुत्रा माच्याखाली गेला.

गाणं ऐकू येईनासं झालं.

फाटक वाजलं नाही, पण अंगणात पावलं आली. दिसत काहीच नव्हतं. चिऱ्यावर ओलं होत होतं... एकेक ठसा... जवळ जवळ...

"काकू, पलीकडे इकडून जाता येतं ना?"

खारट वारा तोंडावर आला. काकूंनी देवघराकडे पाहिलं. समई जळत होती. आई, माझं लेकरू तुझ्या पाण्यावर आहे...

पावलं वळली. साकवाकडे निघाली. दहा-बारा पावलं गेली.

"नको गो जाऊ, बाय!"

काकूंच्या पोटातून हाक फुटली.

"फळ्या काढल्यात तिकडच्या! थांब!"

पावलं थांबली.

सगळं थांबलं. माडाची झावळसुद्धा हलेना.

मग अगदी हळू आवाज आला. त्यात राग नव्हता. नुसतं नवल होतं.

"तुम्हाला बोलता येतं, काकू?"

हे सांगताना काकू नेहमी इथे थांबतात. पुढचं सांगायला त्यांना वेळ लागतो.

त्या रात्री त्या अंगणात गुडघ्यांवर बसून लहान मुलासारख्या रडल्या. "येतं गो, माझे बाय. येत होतं. तेव्हाही येत होतं."

मग पुन्हा आवाज आला.

"मग मी आता कुठून जाऊ?"

"माझ्याबरोबर चल," काकू म्हणाल्या. "उजाडलं की नेते तुला. आईकडे."

 सोप्याच्या दुसऱ्या टोकाला ओलं झालं, कुणी भिजलेलं बसावं तसं. काकू या टोकाला बसून राहिल्या. घाबरल्या नाहीत म्हणतात. फक्त थंडी फार वाजली. मध्ये एकदा त्यांनी आपली शाल त्या बाजूला सरकवली. सकाळी ती चिंब होती.

आता हे काय होतं, कुणी सांगावं? काका म्हणतात, दव पडलं असेल. पण सोप्यावर तर छप्पर आहे.

पहाटे काकूंनी कलश हलवला. मोडलेल्या व्रताचं पाणी तुळशीला घालावं की नाही ते कळेना. शेवटी हात जोडून घातलं. पुन्हा परेशला फोन लावला. लागला नाही.

काका उठून बाहेर आले, तेव्हा काकूंनी साडी बदलली होती.

"खंय चललंस इतक्या पाटे?"

"इचलकरंजीक. तिच्या आईक सांगूचा आसा."

काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "काय सांगतलंस?"

"तिनं माका वाट विचारलेली, असां."

"ती बाई तुका काय म्हणात, ठाऊक आसा? शाप देईत. आणि परेशचो फोन..."

"लागूक नाय." काकूंनी पदर खोचला. "तिचा लेकरू तर गेलाच ना ओ. निदान तिची शिकवण चुकली नव्हती, एवढा तरी तिका कळूक होया."

 काका आत जाऊन काकूंची पिशवी घेऊन आले.

पूर्वेला फटफटत होतं. रस्त्यावरची गाणी आत्ताच थांबली होती. दूर कुठेतरी पोदेराचा भोंगा वाजत होता. काकू अंगण उतरल्या, फाटक उघडून बाहेर गेल्या.

लगेच पुढे निघाल्या नाहीत. फाटक धरून तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या... मागून कुणी यायचं असलं की माणूस उभं राहतं तशा.

मग हळूच कडी लावली, आणि वाटेची एक बाजू मोकळी सोडून पेडण्याच्या बसकडे चालू लागल्या.