सकाळपर्यंत टिकणारी गाठ

"जोरात वल्हव, थिया! अशानं चोर कॅनडात पोचेल!" मागे बसलेला वेंडेल ओरडला. थियाचे हात आज चालतच नव्हते.

तळ्याकाठी राहणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट यांची हिरवी होडी सकाळी धक्क्यावरून नाहीशी झाली होती. त्यांच्या वडिलांनी स्वतः केलेली होडी. मोठ्या माणसांनी कॉफी पितापिताच चोर ठरवून टाकले होते: शेजारच्या केबिनमध्ये भाड्यानं राहणारे दोन भाऊ. दुपारपर्यंत त्यांनी निघून जायचं होतं.

वेंडेलला ते पटेना. होडीची वल्ही धक्क्यावरच पडली होती; बिनवल्ह्यांची होडी कोण चोरेल? रात्रभर वारा पश्चिमेचा होता. म्हणून तो, त्याची धाकटी बहीण रूबी आणि थिया कनूतून, म्हणजे अरुंद हलक्या होडीतून, पूर्वेच्या लव्हाळ्यांकडे निघाले होते.

थियाच्या खिशात शाळेचं कार्ड होतं. शाळा संपण्याआधी यायलाच हव्यात अशा वीस गोष्टी त्यावर होत्या. सातवी गोष्ट: होडी अशी बांधणे की सकाळपर्यंत सुटणार नाही. काल संध्याकाळी तिनं धक्क्यावरच्या होडीच्या दोरीचे खुंटाला तीन वेढे दिले आणि धूम ठोकली. शाळेचे हालव्होर्सन सर सॉसेज भाजत होते. त्यांनी धक्क्याकडे न बघताच सही केली.

"ती बघा!" रूबी उभीच राहिली, कनू डगमगली.

लव्हाळ्यांत हिरवी होडी अडकली होती. दोरी पाण्यात लोंबत होती, अख्खी.

"कापलेली नाही," वेंडेल म्हणाला. "नीट बांधलीच नव्हती. कुठल्या वेड्यानं बांधली?"

"मी."

होडी मागे बांधून तिघं परतले.

धक्क्यावर आल्यावर थियानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हालव्होर्सन सर गोंधळले. "पण मी तर सही दिली होती."

"तुम्ही सॉसेजकडे बघत होतात, सर." तिनं कार्ड काढून त्यांची सही खोडली.

सर लालबुंद झाले. दोघे भाऊ गाडीत सामान भरत होते. सर स्वतः तिकडे गेले, थियाही गेली. माफी मागताना तिला मान वर करवेना.

मिसेस लिंडक्विस्ट होडीच्या काठावरून कितीतरी वेळ हात फिरवत होत्या. "माझीही पहिली गाठ सुटली होती," त्या म्हणाल्या. "ती आणायला बाबा पोहत गेले होते. मी मात्र वाऱ्याचं नाव सांगितलं. माझ्यापेक्षा तू बरी निघालीस." त्यांनी गाठ शिकवली. थियानं ती पाच वेळा बांधली. "सही आत्ता नाही हं. सकाळी."

सकाळी थिया धक्क्यावर आली तेव्हा होडी जागच्या जागी होती. मिसेस लिंडक्विस्ट पेन घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या.

"कार्ड?"

थिया ते घरीच विसरली होती. ती फक्त होडी बघायला आली होती.