सात वॅटचा पंप

माझं जळगावात इन्व्हर्टर-बॅटऱ्यांचं दुकान आहे. आधी थोडं गणित सांगतो, नाहीतर पुढचं तुम्हाला साधंच वाटेल.

रावेरकडच्या भाईदासनानांनी माझ्याकडून एक पॉवर स्टेशन नेलं होतं. उचलून नेता येईल अशी बॅटरीची पेटी. त्यांच्या पत्नी, कुंदाअक्का, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंगाखाली हवेची गादी. तिचा पंप रात्रंदिवस चालवावा लागतो. पंप खातो जेमतेम सात वॅट. पेटीवर पाचशे वॅट-तास लिहिलेलं, म्हणून नानांना वाटलं, तीन दिवस सहज निघतील. पण पेटीतला इन्व्हर्टर नुसता जागा राहायलाच बारा वॅट खातो. पंपापेक्षा जास्त बॅटरी पेटी स्वतःच संपवते. पंचवीस तास, फार तर सव्वीस.

हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. चार्जिंगची वायरही माझ्याच काउंटरवर राहिली.

जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले. नानांचा फोन लागेना. रस्ता मोकळा झाला तो चौथ्या दिवशी. भरलेली दुसरी पेटी आणि राहिलेली वायर डिकीत टाकून मी निघालो. सपाट पडलेली गादी आणि अक्कांची पाठ, एवढंच डोळ्यांपुढे होतं.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. शिवारात कुजक्या केळीचा आंबूस वास. घरात अंधार, आणि त्या अंधारात पंपाची संथ घरघर.

"कधी चार्ज केली, नाना?"

"कुठून करू? लाईट नाही, वायर नाही."

मी पेटीजवळ बसलो. पडद्यावर बाहेर जाणारी वीज सात वॅट, बॅटरी चार टक्के. मोबाइल जोडून मागची नोंद काढली. रोज बॅटरी उतरत गेलेली, आणि रोज संध्याकाळी सव्वासहाला पुन्हा चढलेली.

"संध्याकाळी कोणी येतं का इथे?"

नानांनी नकारार्थी मान हलवली. अक्का मात्र छताकडे बघत हळूच म्हणाल्या, "एक बाई येते. पेटीवर हात ठेवून बसते... मले बरं वाटते."

"हिले भास होतात," नाना पुटपुटले. पण ते दारातच उभे होते, आत येत नव्हते.

सहा वाजून पंधरा मिनिटं झाली. माझ्या डोळ्यांदेखत आकडा पाच झाला. सहा. मी पेटीला हात लावला. चार दिवस चालू असलेली पेटी कोमट हवी. ही माठासारखी गार होती...

"आली," अक्का म्हणाल्या.

आकडा शंभरावर थांबला तेव्हा मी उठलो. दुसरी पेटी आणि वायर नानांच्या हवाली केली, पहिलीला हात लावला नाही. अक्कांना म्हटलं, "चूक माझी होती. सांगायला हवं होतं."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तिलेही आता जायचं हाये. तिचं घर मेहरूणले हाये म्हणे. तुम्ही तिकडचेच ना?"

मी जळगावातल्या मेहरूणचाच. पण हे त्यांना मी कधी सांगितलं नव्हतं.

गाडीत मी एकटा. मागची सीट रिकामी, डिकीही रिकामी. गाव सुटल्यावर डॅशबोर्डवर लाल खूण पेटली: मागच्या प्रवाशानं पट्टा लावलेला नाही. भुसावळ गेलं तरी ती टिकटिक थांबेना. आरशात मी पाहिलं नाही.

मेहरूण तलावाच्या वळणावर गाडी आपसूक हळू झाली, आणि खूण विझली.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.