'या' न म्हणणारं दुकान

गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडं उतरताना केरबांचं दुकान लागतं. पाटी नाही, पण पत्ता कुणाला विचारावा लागत नाही. बांबू, कडबा, सुतळी, मडकी, पांढरं कापड, हिरवी लुगडी. माणसाला शेवटी जे जे लागतं ते सगळं तिथं मिळतं. धंदा आजोबांपासूनचा, आणि आजोबांपासूनचा नियम असा की गिऱ्हाइकाला निघताना 'या' म्हणायचं नाही. एरवी कुठूनही उठताना 'येतो' म्हणणारा माणूस या दुकानाची पायरी मुकाट्यानं उतरतो.

त्यांची सून संयोगिता मुरगूडच्या कापड दुकानदाराची लेक. नुसत्या साड्या उलगडून, नाकं मुरडून गेलेल्या बायकांनाही तिचे वडील "या हं परत" म्हणत. तिच्या जिभेला तेच वळण. नवरा पृथ्वीराज शववाहिका चालवायचा, म्हणून दुपारनंतर ती सासऱ्यांसोबत दुकानात बसू लागली. पहिल्याच दिवशी केरबांनी बजावलं, "पोरी, कायबी बोल, पर तेवढं 'या' म्हणू नगंस."

तिला ते मनातून पटलं नव्हतं. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला एक गोड शब्दही न बोलता कसं पाठवायचं? दुःख म्हणजे काय खरूज आहे, बोलल्यानं चिकटायला?

उन्हाळ्याच्या तोंडावर पलीकडच्या गल्लीतले गणपतराव आले. उंच, मवाळ माणूस. आई गेली होती. "आता घरात आम्ही दोघंच नवरा-बायको, वैनी," ते म्हणाले. संयोगितानं कापड फाडलं, घडी घालून हातात दिलं. पायरी उतरताना तो माणूस इतका एकटा दिसला की तिला राहवेना. आणि जिभेला कुठं हाड असतं!

"या हं," ती बोलून गेली.

गणपतराव थांबले, वळले. "येतो की," म्हणाले.

आत बांबू तासण्याचा आवाज थांबला. केरबा बाहेर आले, पण रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गणपतराव आले. महिनाही लोटला नव्हता. या वेळी हिरवं लुगडं हवं होतं. सवाष्ण गेली की तिला हिरवं नेसवून नेतात. साध्या तापाचं निमित्त झालं होतं. संयोगितानं दातांखाली ओठ दाबून धरला, तरी निघताना ते आपणहूनच म्हणाले, "येतो."

"माझ्यामुळं झालं का हो, मामा?" तिनं सासऱ्यांना विचारलं.

"तापाची साथ हाय गावात," केरबा म्हणाले. पण तिच्याकडं बघून म्हणाले नाहीत.

पुढं पावसाळा सरता सरता एका सकाळी गणपतरावांचा चुलतभाऊ दुकानात आला आणि खुद्द गणपतरावांचंच सामान घेऊन गेला. केरबांनी जेवताना सुनेला सांगितलं, "गेला बिचारा. घराला कुलूप लागलं." तिला रडू फुटलं. आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता तिला सुटल्यासारखंही वाटलं. आता यायला कुणी उरलं नव्हतं.

दिवेलागणीला ती दुकानात देवापुढं वात लावत होती. केरबा मागं गोठ्यात होते. शेणी जळल्याचा वास आला. घाट जवळ, तिथं चितेला शेणीच लावतात, त्यामुळं तो वास रोजचाच. आज मात्र तो दुकानाच्या आतून येत होता. तिनं मान वळवली.

पायरीवर गणपतराव उभे होते. अंगावर सकाळचं कापड. ओठाला तुळशीचं पान चिकटलेलं, आणि बोलतानाही ते पान हललं नाही.

"वैनी... आलो."

तिचा हात सवयीनं पांढऱ्या कापडाकडं गेला.

"ते न्हाय... ते मिळालं मला. हिरवं लुगडं द्या."

"कुणाला...? तुमच्या घरात तर आता..."

"माझ्या घरात न्हाय."

संयोगितानं हात जोडले. "दादा... चुकलं माझं. पाया पडते तुमच्या. आता येऊ नका... परत येऊ नका."

गणपतराव बघत राहिले. नजरेत राग नव्हता. जिवंतपणी होते तसेच मवाळ दिसत होते.

"बरं," ते म्हणाले. "मी न्हाय येत. घर लई रिकामं हाय, वैनी... बोलायला कुणी न्हाय. मग तुम्हीच या."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. 'या' म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, हे वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेली ती पोर.

"येते की," संयोगिता म्हणाली.

पायरी रिकामी होती. मागच्या दारात केरबा उभे होते, आणि त्यांनी ऐकलं होतं. गल्ल्यावर एक हिरवं लुगडं काढून ठेवलेलं होतं. ते कधी काढलं हे तिला आठवेना. म्हाताऱ्यानं ते उचलून कपाटाच्या तळाशी कोंबलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन टाकलं. त्याच्या घरातल्या गेलेल्या सवाष्णीला त्याच लुगड्यात घाटावर नेताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी संयोगितानं कपाट उघडलं. सगळ्यात वर तेच लुगडं होतं, आणि त्याच्या घडीत तुळशीचं एक पान, अजून ओलं.