लविनाच्या पियानोतला बल्ब

गुणाजीमामाचं पॉलिश काही वाळत नव्हतं.

"पावसात पॉलिशला घाई केलेली चालत नाही," मामा म्हणाला.

"आणि तुला तर कधीच चालत नाही. सहाला या म्हणालास. आता साडेनऊ झाले."

गणपतीचा चौरंग चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्याच्या गाळ्यात पंख्याखाली होता. बोट लावलं की ठसा उमटायचा. मोठ्या माणसांचं एक बरं असतं, उशीर ते करतात आणि धीर धरायला आपल्याला सांगतात. माझा भाऊ सुबोध मोबाईलला कंटाळून दारात उभा होता.

"मामा, हा बाजूचा गाळा कायम बंद का रे? पियानोवाले लॉईड अंकल कुठे गेले?"

मामाने हातातला कापसाचा बोळा खाली ठेवला. "वसईला, बहिणीकडे. चावी माझ्याकडे टाकून गेला. आता येणार नाही तो."

"का?"

"गेल्या वर्षीची पिठोरी अमावास्या. शुक्रवार. गणपतीला पाच दिवस होते..."

"मामा, प्लीज! भुताची गोष्ट नको. मी फिजिक्स शिकलेय."

"गप रव गो, प्रांजल. गोष्ट नाय ही. लॉईडने स्वतः मला सांगितलं, ह्याच स्टुलावर बसून. ऐकायचं तर ऐक, नाहीतर चौरंगाला फुंकर घालत बस."

सुबोध आत येऊन बसला. मी चौरंगाकडे तोंड करून बसले, पण कान उघडे होते.

"लॉईडची गिऱ्हाइकं सगळी हळवी," मामा म्हणाला. "एक म्हातारा पियानोवरचा चहाच्या कपाचा डाग पुसू द्यायचा नाही. बायकोचा कप होता म्हणून. एक बाई एक चीर भरू द्यायची नाही. तिथे आपटून तिच्या मुलाचा दुधाचा दात पडला होता. लॉईड हसायचा. पण एमिलिया आन्टीला तो कधी हसला नाही.

"आन्टी मरोळच्या गावठाणात राहायची. नवरा रोझारिओ बोटीवर होता, त्याने जर्मन पियानो आणलेला. पुढे नवरा वारला. मुलगा नेव्हिल, मुलगी लविना. लविना पियानो वाजवायची, गल्लीतल्या पोरांना शिकवायची. लॉईड तिला फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ओळखायचा. त्याचं सूर लावून झालं की ती लगेच बसून एक सराव वाजवायची. वर जायचं, खाली यायचं. खाली येताना चौथं बोट अडखळायचं. दर वेळी, त्याच जागी. चोवीस वर्षांची झाली तरी.

"आता आपली ही हवा. पियानोला ओल धरते, तारा गंजतात. म्हणून खालच्या फळीमागे एक छोटा बल्ब लावून ठेवतात पावसाळाभर. आत ऊब राहते. एकवीस सालचा मे महिना, ते चक्रीवादळ आलं तो दिवस. करोना. लविनाला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते. श्वास पुरत नव्हता पोरीला, आणि ती आईला काय म्हणाली? 'मम्मी, पाऊस आलाय. पियानोतला बल्ब लाव. मी येईपर्यंत बंद करू नको.'"

"आणि आली नाही," सुबोध हळूच म्हणाला.

"बॉडीसुद्धा दाखवली नाही. आन्टीने बल्ब लावला तो लावला. हिवाळ्यात चालू, उन्हाळ्यात चालू. उडाला तर रात्री उठून बदलायची. नेव्हिलने एकदा बिल कमी यावं म्हणून एलईडी लावला, तर आन्टीने काढून फेकला. उजेड देतो, ऊब देत नाही म्हणाली. आणि वर्षातून दोनदा लॉईडला बोलावून सूर लावून घ्यायची. लॉईड म्हणायचा, 'आन्टी, वाजवतं कोण?' ती म्हणायची, 'आल्यावर बेसूर दिसला तर माझ्यावर चिडेल ना ती.'"

मला राहवलं नाही. "कोणीतरी सरळ सांगायला हवं होतं तिला. की मेली ती."

"तू सांगितलं असतंस?"

"हो."

मामाने कापसाचा बोळा पुन्हा उचलला. मग पुढे बोलू लागला.

"नेव्हिलने घर बिल्डरला दिलं. शनिवारी सकाळी मीरा रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. तिथे पियानो मावत नव्हता. नवीन घर होईपर्यंत लॉईडच्या गाळ्यात ठेवायचा ठरला. शुक्रवारी दुपारी लॉईड टेम्पो घेऊन गेला. फळी उघडली, प्लग काढला, बल्ब काढून आन्टीच्या हातात दिला. तिने नॅपकिनमध्ये धरला. म्हणाली, 'अजून गरम आहे.' मग म्हणाली, 'पोचल्या पोचल्या दुसरा लाव. टेम्पोत अंधार राहील तेवढा राहू दे. जास्त नको.'

"'लावतो आन्टी.'

"'शपथ?'

"लॉईडने गळ्यातल्या क्रॉसला हात लावला. 'शपथ.'

"पियानो आणून बाजूच्या गाळ्यात मागच्या भिंतीला लावला. पट्टी दाबली की तारेवर आपटतात त्या हातोड्यांचा नमदा, म्हणजे लोकरीचा थर, किड्यांनी खाल्लेला होता, म्हणून ती हातोड्यांची अख्खी चौकट त्याने पियानोतून बाहेर काढली आणि समोरच्या टेबलावर ठेवली. हे ध्यानात ठेवा. पियानो भिंतीला. हातोड्या टेबलावर. मध्ये चालायला जागा.

"आता आपल्या इस्टेटमध्ये आग लागल्यापासून नियम आहे, सगळे गेले की सीताराम वॉचमन एकेका गाळ्याचा मेन स्विच पाडतो. बल्ब लावूनही रात्री बंदच पडणार. लॉईडला वाटलं, एका रात्रीने काय होतंय? उद्या सोसायटीशी बोलू, वेगळी लाइन घेऊ. शटर ओढताना आन्टीचा फोन आला. 'लावलास?'

"तो म्हणाला, 'लावला आन्टी. मस्त पेटलाय.'"

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"माझ्या घरी त्या संध्याकाळी पिठोरीचं वाण होतं. तुमची मामी खिरीची वाटी डोक्यावरून मागे धरते, मागे न बघता विचारते, 'अतीत कोण?' पोर मागून म्हणतं, 'मी,' आणि वाटी घेतं. मी लॉईडला डब्यात खीर नेऊन दिली. खाऊन झोपला बिचारा.

"रात्री दोनच्या सुमारास त्याचा फोन वाजला. आन्टी. अगदी हळू बोलत होती.

"'लॉईड. लविना आलीये.'

"लॉईड उठून बसला. 'आन्टी, नेव्हिल कुठाय?'

"'झोपलाय. मी पाणी पीत होते. मागून म्हणाली, मम्मी. मी वळले नाही. वळले तर जाईल ना ती...'

"'आन्टी—'

"'ऐक. पियानो कुठाय विचारते. मी म्हटलं, लॉईडकडे आहे, नीट आहे, बल्ब लावलाय. तर म्हणते, नाही मम्मी. तिथे अंधार आहे.'

"लॉईडने चाचपडत खोलीतला दिवा लावला.

"'तू लावलास ना, लॉईड?'

"...

"'लॉईड?'

"मग आन्टीचाच आवाज आला, फोनपासून लांब. 'थांब गं. बाळा, थांब. बस जरा. मी विचारते ना त्याला...' मग दाराची कडी. मग काहीच नाही."

सुबोध माझ्या जवळ सरकला. मी चौरंगाकडे बघायचं कधी सोडलं, मला कळलंच नाही.

"लॉईड घरातला एक बल्ब काढून खिशात घालून निघाला. पाऊस नव्हता. कुत्रं नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं. सीतारामने गेट उघडलं. लॉईडने कुलूप काढलं, शटर अर्धं वर केलं.

"आत आवाज येत होता.

"सूर नव्हता तो. नुसतं लाकूड. टुक. टुक. टुक.

"त्याने मोबाईलची बॅटरी मारली. पियानोच्या पट्ट्या खाली जात होत्या. एकेक. बोट ठेवल्यासारख्या. आणि इकडे... टेबलावर... पियानोपासून लांब... हातोड्या उठत होत्या. समोर तार नाही. हवेत मारत होत्या. तिकडे पट्टी खाली. इकडे हातोडी वर. टुक. टुक.

"वर गेल्या.

"खाली यायला लागल्या.

"एका जागी... अडखळल्या."

मामाने बाजूच्या गाळ्याच्या भिंतीकडे पाहिलं.

"लॉईड म्हणाला, 'लविना.'

"सगळं थांबलं.

"'लावतो. आत्ता लावतो, बाळा.'

"त्याने मेन चढवला. गुडघ्यावर बसला. फळी काढली. होल्डर सापडेना. खिशातून बल्ब काढला... सुटला. फुटला.

"आत कोणीतरी श्वास घेतला. अपुरा. मग परत. अपुरा.

"मग टेबलावर... पहिल्यापासून... टुक..."

सुबोधने माझी बाही पकडली होती.

"पळाला?" सुबोधने विचारलं.

"नाही. तिथेच बसून राहिला. उजाडेपर्यंत. उजाडल्यावर आवाज थांबला, आणि रिक्षातून आन्टी उतरली. हातात तो नॅपकिन. मागून नेव्हिल ओरडत, 'मम्मी, ट्रक उभा आहे, वेड लागलंय का तुला!' ती त्याच्याकडे बघेना. लॉईडला म्हणाली, 'घरातून गेली ती. इथे आली का?'

"लॉईडने सगळं सांगितलं. खोटं बोललो तेही सांगितलं. त्याला वाटलं ती थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं, तो म्हणायचा. ती पियानोसमोर बसली आणि म्हणाली, 'म्हणजे बल्ब विझला म्हणून आली. चार वर्षं मी तो विझू दिला नाही. तिला वाटलं असेल, मम्मीचं ठीक चाललंय. घाई नाही.'

"दुपारपर्यंत बसली. बोलली, हाक मारली, पट्ट्यांवरून हात फिरवला. काही नाही. लॉईड म्हणाला, बल्ब लावू का? ती नको म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, लाव. मग रडायला लागली. लावावा तर ती यायची नाही, न लावावा तर पोर अंधारात. कोण काय सांगणार तिला? शेवटी तिला ठरवावंच लागू नये म्हणून लॉईडने वायरच कापून टाकली. त्यानंतर जमेल तेव्हा यायची. एकदाही काही झालं नाही. डिसेंबरात गेली. मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये. लविनाने ते घर कधी पाहिलंच नव्हतं."

"मग?" माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "लविनाला कळणार कसं, आईला शोधायला कुठे यायचं? आणि तिला कोण सांगणार आई गेली म्हणून?"

"तू म्हणालीस ना, तू सांगितलं असतंस."

मी उठले. "चावी दे."

"प्रांजल—"

"दे. तुम्ही लोक नुसतं सांगता. बघत कोणीच नाही."

मामाने खिळ्यावरची चावी काढून दिली. शटर वर करायला सुबोधला हात लावावा लागला, इतकं गंजलं होतं. आत वीज नव्हती. टेबलावरच्या हातोड्यांवर पांढरी बुरशी चढली होती. भिंतींना ओल. पक्कड, पाने, स्क्रू, सगळं लाल झालेलं.

मी फळी काढली. सुबोधने बॅटरी धरली. होल्डर रिकामा. वायर कापलेली. खाली काचेचे तुकडे.

तारा चकचकीत होत्या. एकीवरही डाग नव्हता.

मी हात आत घातला.

"काय गं ताई? काय आहे?"

मला लविनाला सांगायचं होतं, तिची आई गेली म्हणून. तोंड उघडलं होतं मी, सांगायलाच.

कोरडं होतं. आणि गरम. कुणीतरी झोपलेल्या अंथरुणात, पांघरुणाखाली हात घातल्यासारखं.