जाऊबाई उतरल्या होत्या

मी थापा मारते, मान्य. पण ही थाप नाही.

आणि रात्रीचीही नाही. भर दिवसाची. माणसांनी गजबजलेल्या जहाजावरची.

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही भिंगरी म्हणतो. पाय म्हणून घरात ठरत नाही. ती आणि तिची थोरली जाऊ, दोघींचे नवरे गेलेले, अशा दोघी जहाजाच्या सहलीला निघाल्या. रोज नवं बंदर. सकाळी उतरा, हिंडा, संध्याकाळी परत या. खोली मात्र स्वस्तातली... खिडकीच नाही.

उतरताना दारातल्या मशीनला कार्ड लावायचं. टुंग. पडद्यावर आपला फोटो. चढताना पुन्हा टुंग. सगळे परतल्याशिवाय जहाज हलत नाही.

दोघींची कार्डं भिंगरीच्या पर्समध्ये.

जाऊबाईंचे गुडघे पार गेलेले. पहिल्या बंदरावर भिंगरीने काय पाहिलं? एक बाकडं. जाऊबाई टेकल्या त्या टेकल्याच.

दुसरं बंदर म्हणजे टेकडीवरचं पांढरंशुभ्र गाव. खाली काच फुंकून वस्तू घडवणाऱ्यांची गल्ली. जाऊबाई त्याच्यासाठीच तर आलेल्या. आदल्या दिवशीच नवी चप्पल काढून पलंगाखाली ठेवलेली.

सकाळी भिंगरी म्हणाली, "आज जहाज बंदराला लागत नाही. समुद्र खवळलाय. झोपा तुम्ही."

जाऊबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "मग हलत कसं नाही गं?"

भिंगरीने दिवा मालवला आणि सटकली.

मनसोक्त हिंडली. पण चोराच्या मनात चांदणं. जेवायला बसली ती अर्ध्यावरच उठली. शेवटी जाऊबाईंसाठी काचेचा एक मासा घेतला.

परतली, तर दारातला पहारेकरी विचारतो, "सोबतच्या बाई कुठे राहिल्या? तुमच्या मागोमागच उतरल्या ना."

भिंगरीने पर्स उघडली.

दोन्ही कार्डं आत...

धावत खोलीत गेली. दिवा लावला.

जाऊबाई तशाच पडलेल्या. थंडगार. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेल्या.

पलंगाखाली चप्पल नव्हती.

निघायची वेळ झाली, तरी जहाज हलेना. मशीन म्हणे, एक माणूस बाहेर आहे. भोंग्यावरून जाऊबाईंचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. भिंगरी दारात रडत सांगतेय, अहो, त्या आतच आहेत, त्या गेल्या. पहारेकरी म्हणाला, "मला पटतंय हो, मशीनला कोण सांगणार?"

आणि मग...

टुंग.

दारात कोणीच नव्हतं. पडद्यावर जाऊबाईंचा फोटो.

जहाज सुटलं.

पुढच्या एकाही बंदरावर भिंगरी उतरली नाही. दार लावून बसून राहायची. पण रोज सकाळी खोलीतला फोन वाजायचा. पहारेकरी दबक्या आवाजात सांगायचा, बाई उतरल्या. संध्याकाळी पुन्हा फोन. आल्या.

गुडघे कसले दुखतायत आता.

शेवटी जहाज घरच्या बंदराला लागलं. जाऊबाईंना मागच्या दाराने उतरवलं. भिंगरीने पुढच्या दारात आपलं कार्ड लावलं आणि बाजूला होऊन थांबली. लोक उतरले. सामान उतरलं. झाडूवाले आत शिरले.

ती कान देऊन उभी...

मशीन गप्प.

आजही भिंगरी येते, चहा घेते आणि हळूच विचारते, "त्यांना फिरायला आवडलं म्हणून राहिल्या, का माझ्याबरोबर घरी यायचं नव्हतं त्यांना?"

मी म्हणते, आवडलं म्हणून गं.

ती म्हणते, ही थाप तर नाही ना... आणि माझंच मन खातं.