डबीच्या छतावरचं तिसरं पॅनेल

अंगावर गढूळ पाणी पडलं की माणूस आधी वर बघतो आणि मग तोंड सोडतो. तिने वर पाहिलं, तोंडही उघडलं... आणि पुन्हा मिटलं. दुकानाच्या पत्र्यावर एक लांबोडका माणूस ओलं फडकं हातात धरून उभा होता. तिथली सोलर पॅनेल पुसता पुसता त्याने सगळी बादलीच कलंडवली होती, आणि तिच्यापेक्षा तोच जास्त ओशाळला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लक्ष तुमच्या डबीकडे होतं."

"डबी?"

"तुमच्या गाडीमागे जोडलीय ती."

डबी म्हणजे तिचा छोटासा ट्रेलर. आत एक पलंग, एक घडीचं टेबल आणि एक फ्रीज. चौथी वस्तू ठेवायची तर आपण बाहेर उभं राहायचं. रस्ता विचारायला म्हणून ती दोन मिनिटं थांबली होती. पण नाव इतकं चपखल होतं की भिजलेल्या बाहीसकट तिला हसू आलं, आणि रस्त्याऐवजी तिने भलतंच विचारलं.

"हिच्या छतावर बसतील का हो पॅनेल? सोमवारच्या आत?"

प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. तळ्यांचं पाणी तपासणं हे तिचं काम. वर्षभर या तळ्यावरून त्या तळ्यावर जायचं, बाटल्या भरायच्या, फ्रीजमध्ये जपायच्या आणि आठवड्याला प्रयोगशाळेत पोचवायच्या. मागच्या खेपेला बॅटरीने मान टाकली, फ्रीज बंद पडला आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडलं. पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. सोमवारी तिला निघायचंच होतं.

"बसवू की," तो म्हणाला, आणि शिडीवरून उतरताना एक पायरी चुकला.

दुकान दोघांचं होतं. वायरिंग हा करायचा, म्हणून सगळे त्याला वायरमन म्हणत. वेल्डिंग त्याची थोरली बहीण करायची, तिला सगळं जग ताई म्हणायचं. ताईने पाहुणीला एकदा आपादमस्तक न्याहाळलं, पाण्याच्या बाटल्यांची गोष्ट ऐकली आणि तिचं 'पाणीवाली' असं बारसं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी वायरमन कागद-पेन्सिल घेऊन डबीच्या पायरीवर बसला.

"विजेवर रोज काय काय चालतं ते सगळं सांगा. त्यावरून पॅनेल किती ते ठरतं."

"फ्रीज. दिवसरात्र."

"दिवे?"

"एक पुरतो. झोपण्याआधी वाचते थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"पुस्तक चांगलं असेल तर दोन तास."

"आणि वाईट असेल तर?"

"तर लगेच डोळा लागतो."

"मग चांगलंच धरतो," त्याने गंभीरपणे लिहून घेतलं. "घोरता?"

"त्यालाही वीज लागते?"

"नाही... आपलं सहज." त्याचे कान लाल झाले. "एकटं वाटलं की काय लावता? म्हणजे... गाणी वगैरे?"

"काही नाही. खिडकी उघडते," ती म्हणाली.

त्याने खिडकीकडे एकदा पाहिलं. मग त्याने बेरीज केली आणि सांगितलं, दोन पॅनेल भरपूर झाली.

पुढचे चार दिवस कसे गेले ते तिला कळलं नाही. शिडी धरायचं काम तिने स्वतःहून घेतलं होतं. वर वायरमन छताला भोकं पाडायचा, खिळ्याला टांगलेल्या त्याच्या रेडिओबरोबर गायचा, आणि ते गाणंही रेडिओच्या अर्धी ओळ मागून. मधेच खाली वाकून म्हणायचा, "पाना द्या." पाना घेताना बोटांना बोटं लागायची, आणि पाना हमखास चुकीच्या मापाचा निघायचा. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिने शुक्रवारीच स्वतःशी कबूल करून टाकलं होतं.

आवडण्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती पुढच्या वाक्याची. एकाने मागे विचारलं होतं, तळी की मी? तिने तळी निवडली आणि महिनाभर उशी भिजवली. हाही आता थांब म्हणेल का? आणि काहीच म्हणाला नाही तर... ते तर त्याहून वाईट.

शनिवारी छतावर तीन पॅनेल दिसली.

"दोन म्हणाला होतात ना?"

"ढगाळ दिवस धरले," तिच्याकडे न बघता तो म्हणाला.

ताई खोकली. धूर कुठेच नव्हता.

रविवारी पाण्याची परीक्षा होती. छताला भोकं पाडली की ती गळतात का हे बघावंच लागतं. ताई बाहेरून नळीने पाणी मारणार आणि ही दोघं आत दारं-खिडक्या लावून टॉर्च घेऊन बसणार. डबीत दोन माणसं उभी राहिली की एकाला श्वास रोखावा लागायचा. वर पाणी धडधडू लागलं. दोघं माना वर करून थेंब शोधत राहिली, आणि त्याच्या सदऱ्याचा साबणाचा वास तिच्या अगदी नाकाशी आला. नजर कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून बॅटरीच्या पेटीवर चिकटवलेला कागद ती वाचू लागली. फ्रीज, चोवीस तास. दिवे, दोन. फोन, दोन. रेडिओ, रोज तीन तास.

"माझ्याकडे रेडिओ नाही," ती म्हणाली.

वायरमन छताकडेच बघत राहिला.

"फोनही एकच आहे."

"चुकून लिहिलं असेल."

"तुम्ही? एक स्क्रू उरला तर सगळं खोलून बघता तुम्ही."

त्याने टॉर्च खाली घेतला. "दोन माणसं धरून बसलो हिशोबात... कळलंच नाही. कळलं तोवर तिसरं पॅनेल आलं होतं. काढतो ते. अर्ध्या तासाचं काम आहे."

आता ते वाक्य येणार. येऊन जाऊ दे एकदाचं, म्हणून तिनेच विचारलं, "जाऊ नका म्हणणार आहात?"

"नाही," तो चटकन म्हणाला. "तसं असतं तर काहीतरी बिघडवलंच असतं ना. चार दिवस रोज मनात येत होतं, एक वायर सैल सोडावी... नाही सोडली. मीच यावं म्हणतो. महिन्यातून एक आठवडा. तुमची हरकत नसेल तर. ताईशी बोललोय."

ती पलंगाच्या कडेवर बसली. आजवर प्रत्येकाने तिला तळ्यावरून परत बोलावलं होतं. तळ्यावर येतो म्हणणारा हा पहिलाच. तिचे डोळे भरून आले, पण खोडी काढल्याशिवाय राहवेना.

"आठवडा म्हणजे सात दिवस. इथे 'रोज' लिहिलंय."

"हो."

"मग मी काय खरं धरू? तुम्ही बोलताय ते, की कागदावर आहे ते?"

वर पाणी कोसळत होतं. त्याने टॉर्च बाजूला ठेवला.

"कागदावर आहे ते," तो म्हणाला.

तिने त्याचा हात हातात घेतला.

बाहेरून ताईचा आवाज आला. "काय गं पाणीवाली, गळतंय का कुठे? बंद करू का पाणी?"

छत ठणठणीत कोरडं होतं. एरवी कुठे नळ टपकला तरी बंद करायला पळणारी ती जागची हलली नाही. त्याची बोटं घट्ट धरून तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "नको ताई, चालूच ठेवा. अजून नीट कळलं नाही."